माहेरचा बगळा

आउग्सबुर्गच्या मेल्शिओर सुतारासमोर सरदारसाहेबांचं आबनुसाच्या काळ्या लाकडाचं नक्षीदार कपाट उभं होतं. डाव्या दारावर चांदीच्या चकतीवर त्यांच्या कुळाचं अस्वल, उजव्या दारावर पत्नीच्या माहेरचं चिन्ह. गेल्या वर्षी वारलेल्या बाईसाहेबांच्या माहेरचा मासा त्याने उचकटला, तर खाली आणखी दोन चिन्हांच्या खिळ्यांची भोकं मेणाने बुजवलेली निघाली. तिथे आता बगळा बसवायचा होता. "सुतारबाबा, माझा बगळा घट्ट चिकटवा हं, जन्मभर हलता कामा नये," नवी नवरी हरखून म्हणाली. मेल्शिओरने सरसाचं भांडं पुढे ओढलं. "सरस नको," सरदारसाहेब म्हणाले, "खिळेच मार, नेहमीसारखे." नवरी कपाटातले चोरकप्पे शोधण्यात रमली, तसे ते जवळ सरकले. "आणि सोनाराकडून एवढ्याच मापाची आणखी एक चकती घडवून ठेव." "तिच्यावर काय कोरायचं, साहेब?" साहेब नवरीकडे बघून प्रेमाने हसले. "ते अजून ठरायचं आहे."