दलदलीकडचा रस्ता

लेफ्टनंट उलार कोइव्ह दुसऱ्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या पायात एकच बूट होता. दुसरा दलदलीने ठेवून घेतला होता.

"सापडली का रे बाबा ती जमिनीखालची खोली?" हेल्वेमावशीने विचारलं. चेहरा असा, की जणू त्याच्यापेक्षा तिलाच घोर लागलाय.

"तुम्हीच म्हणालात ना, पडक्या गोठ्यापासून डावीकडे?"

"मग उजवीकडे असेल. चौऱ्याऐंशीव्या वर्षी डावं-उजवं कुणाला आठवतं? ये, खाऊन घे."

तिने काळा पाव आणि धुरावलेलं डुकराचं मांस पुढे ठेवलं. गणवेशातला माणूस आला की त्याला पोटभर खाऊ घालायचं आणि अदबीने दलदलीत धाडायचं, हे आईने तिला आठव्या वर्षीच शिकवलं होतं. तेव्हाचे गणवेश रशियन होते आणि थोरला भाऊ एन्डेल रानात जमिनीखाली खोली खणून लपला होता. दलदलीला बूट पुष्कळ मिळाले. शिपायांना एन्डेल मिळाला नाही. सहा वर्षांनी माफी जाहीर झाली, तेव्हा तो आपल्या पायांनी घरी आला, आणि पुढे चांगला म्हातारा होऊन घरच्या खाटेवरच वारला. जाताना म्हणाला, "जागा कुणाला सांगू नकोस. पुन्हा लागेल."

खोली आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुठे आहे, ते फक्त हेल्वेला. दर शरदात ती कुणाला न सांगता तिथे जाई आणि आतलं गवत बदलून येई.

पण गेल्या वर्षापासून पंचाईत झाली होती. आता येणाऱ्या गणवेशांच्या बाहीवर आपल्याच देशाचा निळा-काळा-पांढरा झेंडा होता. तसाच, तेव्हा बंदी असलेला एक फडका एन्डेलने सहा वर्षं उशाखाली जपला होता. आपल्याच पोराला फसवायचं? आणि नाही सांगितलं, तर तिच्याबरोबर जागाही मातीत जाणार.

"शेवटचं विचारतो, मावशी. देशाच्या कामाचं आहे. कुठे आहे ती खोली?"

चुलीपाशी त्याचा मोजा वाळत होता. अंगठ्याला भोक. हेल्वेने भोकाची बाजू आचेकडे फिरवली.

"गिरणीच्या मागे," ती म्हणाली.

गिरणीमागची दलदल आणखी खोल होती.

लेफ्टनंटने वही काढून एक खूण केली. "गेल्या वर्षी दोघे अधिकारी येऊन गेले, यंदा मी. सगळ्यांना जेवण मिळालं, खरा रस्ता कुणालाच नाही. हेच तपासायचं होतं." पहिल्यांदाच तो मोकळेपणाने हसला. मग लंगडत गाडीपर्यंत गेला आणि एक खोका घेऊन आला. आत मीठ, मलमपट्ट्या, बॅटऱ्या, छोटा रेडिओ.

"एवढं तिथे नेऊन ठेवाल?"

"कुठे?" हेल्वेने भाबड्या चेहऱ्याने विचारलं.

"ते सांगितलंत, तर खोका परत नेईन."