चितपट

सातवीला वादविवाद शिकवताना विनोदिनीबाई एकच बजावत: समोरच्याचा मुद्दा आधी आपणच मांडायचा, मग खोडायचा. त्यापायी पालकांच्या तक्रारी येत. आज ओवीचे वडील, जयराज पैलवान, थेट वर्गात थडकले तशा बाई धसकल्या.

“म्हसवडच्या जत्रंत मला कुणी पाडलं न्हाई, बाई. काल घरात पोरीनं चितपट केलं! मी तोंड उघडायच्या आदीच म्हणली, ‘पोरी तालमीत उतरत न्हाईत, हेच सांगणार न्हवं? पर तालमीच्या मातीला आई तुमीच म्हणता. मग आईकडं पोरीनं जायचं न्हाई?’”

“मग?”

“मग काय, धाडतोय! पर वस्ताद माझ्यापरीस हेकट हाईत.” मिशीवर हात फिरवत पैलवान ओवीशेजारी बाकावर कसेबसे मावले. “त्यास्नी मला पटवायचं हाय. शिकवा पुढं.”