दुसरी बाही

मशीन आईचं आणि काज-बटणं बाबांची, अशी त्या दोघांची जन्माची वाटणी. बाबांचाच शर्ट शिवताना एक बाही लावून झाली आणि आई गेली. शर्ट मशीनवर तसाच राहिला. त्याला हात लावायची कुणाची छाती होईना.

त्या शेवटच्या शिवणाचं रेकॉर्डिंग लेकाच्या फोनमध्ये होतं. त्यावरून त्याने एक इलेक्ट्रॉनिक ट्रॅक बनवून इंटरनेटवर टाकला. त्यात ना शब्द, ना सूर, नुसती मशीनची खडखड. कुठल्या कुठल्या अनोळखी पोरांनी त्याचे रीमिक्स करून पाठवले.

बाबा डोळे मिटून एकेक ऐकत गेले. शेवटच्या रीमिक्सला हसले.

"तुझ्या ट्रॅकमध्ये पहिलीच बाही होती. यात तिने दुसरी लावली बघ. शेवटी दोरासुद्धा दातांनी तोडला, सवयीने."

"काहीतरीच काय, बाबा! रेकॉर्डिंग तेच आहे, त्या पोरांनी नुसतं उलटसुलट केलंय."

त्यांची खात्री पटवायला तो आतल्या खोलीत गेला आणि मशीनवरचा शर्ट उचलला.



दोन्ही बाह्या लागल्या होत्या, आणि तोडलेल्या दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.