दिल्ली नको

तिसऱ्या विद्यापीठातली वर्षंही जगून झाली आणि केतकीने डोक्यावरचं यंत्र उतरवलं. सकाळच काय ती सरली होती, पण ती म्हातारीसारखी थकली होती. प्रवेश घेण्याआधी आपलं तिथलं आयुष्य, घरच्यांच्या तब्येतीसकट, असं आधीच जगून बघायची सोय आता गावोगावी झाली होती.

अर्थशास्त्र शिकावं तर दिल्लीतच, हे तिला कळून चुकलं होतं. पण उपचार करूनही तिन्हीकडे दुसऱ्या वर्षी तिचे वडील, अप्पा, गेले. दिल्लीहून आणि पुण्याहून ती वेळेवर पोहोचली नाही. सांगलीत मात्र ती शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होती.

बाहेर बाकावर अप्पा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

"मग? दिल्लीच ना?"

"नाही अप्पा. सांगली."

"अगं, एवढा अभ्यास केलास तो सांगलीसाठी? दिल्लीत काय वाईट होतं?"

"मेसचं जेवण."

"जेवणापायी कुणी दिल्ली सोडतं का!" अप्पा चिडले. तरी सोललेले दाणे त्यांनी तिच्याच हातावर ठेवले.

केतकीने ते खाल्ले. तीनदा रडून झालं होतं. आता तिला रडूही येत नव्हतं.