जुना शब्द

थोरल्या सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी त्या घरात परवलीचा शब्द आला. आणला धाकट्याने. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसे आणि फोनवरच्या फसवणुकीच्या बातम्या देणारा एक मोठा ग्रुप चालवी. बाप त्याला ॲडमिनसाहेब म्हणे. रोज जेवताना ॲडमिनसाहेबांची बातमी असे: आज कोणाला कसे गंडवले.

बाप फरशा बसवायचे काम करी. त्याला या बातम्यांचे हसू येई. पण समोरच्या शिंपिणीला तिच्याच मुलाच्या हुबेहूब आवाजात फोन आला आणि तिची जन्माची पुंजी गेली, तेव्हा तोही जेवता जेवता थांबला. धाकटा म्हणाला, आता आवाजाचीही नक्कल होते. अनोळखी नंबरावरून घरचे कोणी बोलू लागले, तर आधी शब्द विचारायचा. शब्द आईने निवडला: कासव. नवरा आंघोळीला गेला की किती वेळ बाहेर येत नाही, त्यावरून तिला तो सुचला. इतकी वर्षे संसार केला, आता बायकोला ओळख पटवायला कासव व्हायची पाळी आली, असे फरशीवाला म्हणाला. सुनेला हसू आवरेना.

त्याच्या हृदयाचे दुखणे निघाल्यापासून गोळ्या बायकोच देई. पाकिटातून काढून त्याच्या तळहातावर ठेवी. तो गिळून टाकी. नाव त्याने कधी विचारले नाही. विष दिलेस तरी गिळेन, म्हणे.

एका मंगळवारी बाप कामावर गेल्यानंतर धाकट्याने आईला ग्रुपवरची ताजी बातमी वाचून दाखवली. एका घरातला शब्दच चोरांच्या हाती लागला होता. तेव्हा शब्द अधूनमधून बदलावा, आणि जुना शब्द सांगणारा कोणी भेटला तर तो चोरच समजावा. त्याने तिथेच नवा शब्द ठरवला, घरातल्या सगळ्यांना मेसेज टाकला आणि दुकानात गेला.

दुपारी ती नातींचे कपडे वाळत घालत होती. फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"अगं, मी बोलतोय. मी रोज कसली गोळी घेतो गं?"

आवाज त्याचाच, पण जड. तोंडात कापूस धरून बोलावे तसा. मागे कसला तरी गलबला होता. पण मुलाने शिकवलेले तिच्या ध्यानात होते. आधी साधेसे काहीतरी विचारतात, मग हळूहळू सगळे काढून घेतात. तिने शब्द विचारला.

"कासव," तो म्हणाला. "कासवच ना गं?"

तिने फोन कट केला. शिकवल्याप्रमाणे नंबर ब्लॉक केला. मग नवऱ्याला फोन लावला, तो बंद लागला. हेही बातम्यांत येऊन गेले होते. माणसाचा फोन बंद असतो तीच वेळ हे लोक साधतात. तिने धाकट्याला कळवले. आवाज अगदी बाबांसारखा होता का, असे त्याने दोनदा विचारले. अगदी, ती म्हणाली. मग राहिलेले कपडे तिने वाळत घातले.

धाकटा त्या दिवशी लवकर घरी आला. आईची गोष्ट त्याने ग्रुपवर टाकली होती आणि लोकांनी काय काय लिहिले ते त्याला तिला वाचून दाखवायचे होते. कोणी लिहिले होते, काकूंना मानले. कोणी लिहिले होते, अशी आई घरोघरी हवी. एकाने लिहिले होते, यावेळी ससा झोपला नाही. ते ऐकून ती हसली आणि पदराने तोंड पुसू लागली. बाबांना हे रात्री तूच सांग, तिने मुलाला बजावले, मी सांगितले तर म्हणतील शेखी मिरवते.

तेवढ्यात दारात रंगारी येऊन उभा राहिला. फरशीवाल्याच्या जोडीने काम करणारा, हाताला सुकलेला पांढरा रंग. त्याला आत ये म्हटले तरी तो आला नाही.

"वहिनी, माझा फोन का लागत नव्हता तुम्हाला?"

मग त्याने खाली बघत सांगितले. भिंतीला टाइल लावताना दादा स्टुलावरून पडले, डोक्यावर आपटले. त्यांचा फोन खिशात होता, त्याचा चुरा झाला. दवाखान्यात त्यांनी घरचा नंबर तोंडपाठ सांगितला आणि रंगाऱ्याच्या फोनवरून स्वतःच बोलले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, असली तर कोणती, एवढेच डॉक्टरांना हवे होते. नाव कळले की तिच्यावरचा उतारा लगेच देणार होते. पुढे दादांची शुद्ध गेली. फोन लागेना म्हणून तो स्वतः निघाला. अर्ध्या वाटेत त्याला दवाखान्यातून फोन आला.

ती आत गेली. फळीवरून गोळ्यांचे पाकीट आणले आणि त्यावरचे नाव एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचले. मग पाकीट रंगाऱ्यापुढे धरले. त्याने हात पुढे केला नाही. ती तशीच धरून उभी राहिली. मुलाच्या हातातला फोन वाजत होता.

"तो आवाज बंद कर रे," ती म्हणाली.

फरशीवाला त्या मंगळवारी दुपारी वारला, तेव्हा धाकटा दुकानात बसून आईची हुशारी ग्रुपवर लिहीत होता.