बारावं पुस्तक

मनसारामने इस्त्रीचा सदरा चढवला, तेव्हा बारावं पुस्तक पान चारशे बारावर पालथं पडलं होतं. पुढची पाचशे पानं त्याने उघडूनही पाहिली नव्हती, आणि तासाभरात वारलू गुरुजींपुढे तोंडी परीक्षा होती.

महिन्याला एक, अशी वर्षात बारा अभिजात पुस्तकं. गावच्या वाचनालयात हे आव्हान गुरुजींनीच काढलं होतं. पाच वर्षांत ते कुणालाच पेललं नव्हतं. जो पेलेल त्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर रंगवणार होते.

अकरा पुस्तकं मनसारामने इमानदारीने वाचली. बारावं पुस्तक निघालं नऊशे पानांची रशियन कादंबरी. त्यात एकेका माणसाला तीन-तीन नावं.

"जाऊन राह्यले का?" त्याची बायको देवकाबाई तांदूळ निवडत म्हणाली. "तुमचं सारं अर्धंच असते. न्हाणीची भिंत पाहा, वीस वर्षांपासून कमरेपर्यंतच आहे. बसूनच आंग धुवा लागते मले."

"आज पुरं होते," मनसाराम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला.

त्याचा सगळा भरवसा एका नाटकावर होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्याने ते झाडीपट्टीचं नाटक पाहिलं होतं. दोन भाऊ, एक जमीन, एक लपवलेलं पत्र. हुबेहूब हीच कथा, नावं तेवढी इकडची. नाटकवाल्याने कादंबरीच उचललेली दिसत होती. म्हणजे शेवटही तोच असणार.

वाचनालयात गुरुजी एकटेच होते.

"सुरुवात राहू द्या, मनसारामभाऊ. शेवट सांगा."

मनसाराम नाटक आठवत सांगू लागला. "थोरला भाऊ पत्र वाचते. धाकट्याले शोधाले धावत निघते. आन् धानाच्या..." तो अडखळला. "बर्फात पडते. धाकटा येते, त्याचं डोस्कं मांडीवर घेते. थोरला म्हणते, जमीन तुही, मले फक्त भाऊ म्हण. धाकटा 'भाऊ' म्हणेपर्यंत थोरला गेलेला असते."

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओले झाले होते.

"रडले का तुमी?"

"दोनदा," मनसाराम म्हणाला. एवढं मात्र खरं होतं.

गुरुजींनी प्रमाणपत्र पुढे ओढलं, नाव लिहिलं, सही केली. मग दाराकडे एकदा पाहून खुर्ची जवळ सरकवली.

"बर्फ चांगला सुचला तुमाले. ते नाटक लिहिताना मी त्याले धानाच्या बांधीत मारलो होतो."

मनसारामला फळ्यावरचं आपलं नाव डोळ्यांदेखत पुसलं जाताना दिसलं.

"म्हणजे... पुस्तकात शेवट येगळा आहे का, गुरुजी?"

"काय मालूम, भाऊ," गुरुजी शाईवर फुंकर घालत म्हणाले. "तीनशे पानांच्या पुढं मी बी कधी गेलो नाई."