नमुन्याचं पाणी

नागसेननं दुसरा कॅन भरला, झाकण घट्ट पिळलं आणि मोटारसायकलला बांधला. विहिरीवर अजून गर्दी व्हायची होती.

"कारखान्यात पाणी न्हाई व्हय रं?" त्याच्या आईनं, अक्काबाईनं विचारलं. ती दर वर्षी हेच विचारायची.

"हाय की. पर हितल्यासारखं न्हाई," तो म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. नागसेन कापूरहोळजवळच्या एका केमिकल कारखान्यात टेक्निशियन होता. प्लास्टिकच्या पाइपात घालायची पावडर तिथं बनायची. तिच्यात शिसं असायचं आणि धुण्याच्या पाण्याबरोबर ते बाहेर यायचं. त्या पाण्याला ना रंग, ना वास. ते शुद्ध करणारा प्लांट नागसेनच्या ताब्यात होता, म्हणजे किल्ल्या त्याच्याकडे होत्या. प्लांट बंद पडून तीन वर्षं झाली होती.

दर वर्षी तपासणीचे साहेब यायचे. ते ऑफिसात चहा घेईपर्यंत नमुन्याच्या बाटल्या भरायचं काम नागसेनचं. त्या तो हिर्डोशीकडच्या डोंगरातल्या आपल्या वस्तीच्या पाण्यानं भरायचा. गावच्या पाणवठ्यावर शिवू देत नव्हते, तेव्हा आजोबांच्या पिढीनं स्वतःच्या हातांनी खणलेली ही विहीर. तिचं पाणी कारखान्याच्या नावावर बिनबोभाट पास होत होतं. याची नागसेनला लाज वाटायची. पण नऊ वर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसाला लाज फार वेळ परवडत नाही.

चोख पाणी पाठवलं तर लॅबला संशय येईल, म्हणून प्रत्येक बाटलीत तो कारखान्याचं पाणी अर्धा कप मिसळायचा. हे प्रमाण त्यानंच बसवलेलं. त्याच्या डिप्लोमाचा एवढाच काय तो उपयोग झाला.

या वर्षी मॅनेजरनं शब्द दिला होता. रिपोर्ट साफ आला की नागसेन कायम. कायम म्हणजे भोरमध्ये कंपनीची खोली. सध्या तो कारखान्याच्या भिंतीला लागून राहत होता. बायकोला, संजीवनीला, सातवा महिना होता. त्या वासात तिला ठेवायला नको म्हणून त्यानं तिला आईकडे, मोकळ्या हवेत आणून सोडलं होतं.

तो निघाला तेव्हा ती दारात उभी होती. पोट लई दुखतंय आणि अंगात त्राणच राहत नाही, म्हणाली.

"या दिवसांत व्हतंच तसं," तो म्हणाला. "भरपूर पाणी पीत जा."

कारखान्याच्या फाटकात गेनूचा टँकर उभा होता. आधी सांडपाणी ओढ्यात जायचं. मासे मेले, लोकांनी बोंब मारली, तेव्हापासून आठ महिने ते टँकरनं जात होतं. लांब डोंगरात ओततो, तिथं चिटपाखरू नसतं, असं गेनू सांगायचा. गेटपासवर सही नागसेनची असे. त्यापुढं कोणी विचारत नव्हतं, त्यानंही कधी विचारलं नाही.

साहेब आले, चहा झाला, बाटल्या सीलबंद झाल्या.

तीन आठवड्यांनी मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं. पेढ्यांचं कुठल्या दुकानात सांगायचं, याचा विचार करतच नागसेन जिना चढला.

मॅनेजरनं कागद त्याच्या अंगावर फेकला. शिसं, मर्यादेच्या नऊपट. सोबत कारखाना बंद करायची नोटीस. मॅनेजर बराच वेळ बोलत होता. कायम करायचं राहू दे, उद्यापासून फाटकात दिसायचं नाही. ज्या ताटात खाल्लं त्यातच घाण केली. नागसेन कागदावरचा बाटलीचा नंबर बघत होता. नंबर त्यानंच घातलेला होता. अक्षर त्याचंच होतं.

"तोंड उघड," मॅनेजर म्हणाला. "अर्ध्याच्या जागी किती कप ओतलेस?"

नऊ वर्षं नागसेन या केबिनमध्ये जपून, पुस्तकी बोलत आला होता. आता त्याला ते जमलं नाही.

"कायम व्हायचं व्हतं, साहेब. म्हणून या खेपेला म्या एक थेंबसुदीक घातला न्हाई. ते निव्वळ आमच्या हिरीचं पाणी हाय."